चार हजार दोनशे बावन्न मतं

निवडणूक ड्यूटी केलेल्या कुठल्याही सरकारी कारकुनाला विचारा. मतमोजणीच्या दिवशी सगळ्यांच्या नजरा पहिल्या दोन नावांवर. खालच्या अपक्षांचे आकडे आम्ही निमूटपणे लिहितो. "ह्याचं डिपॉझिट गेलं" एवढाच काय तो शेरा. असे कितीतरी आकडे लिहिले आणि विसरलो. पण एका अपक्षाचा आकडा मला तोंडपाठ आहे. तो गोव्यातला नाही, इंग्लंडमधल्या सेजफील्डचा. ४,२५२.

सेजफील्ड हा डरहॅम परगण्यातला, एकेकाळच्या कोळसा खाणींचा मुलूख. १९८३ ते २००७ टोनी ब्लेअर इथले खासदार होते. इराकवर चाल करण्याआधीची शेवटची बैठक १६ मार्च २००३ रोजी अझोर्स बेटांवर झाली. बुश, ब्लेअर आणि स्पेनचे अझनार, आणि यजमान कोण, तर आपल्या ओळखीचा पोर्तुगाल! दोन दिवसांनी ब्रिटिश संसदेने युद्धाला मंजुरी दिली, ४१२ विरुद्ध १४९. लंडनच्या रस्त्यांवर महिनाभर आधीच लाखो लोक उतरले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी २४ जूनला इराकमधल्या माजर अल-कबीर गावात सहा ब्रिटिश लष्करी पोलीस जमावाकडून मारले गेले. त्यांतला एक टॉमस कीज, वय वर्षं वीस. नोव्हेंबरमध्ये बुशसाहेब ब्लेअरच्या मतदारसंघात पाहुणे म्हणून आले, सेजफील्डच्या एका पबमध्ये मासे आणि चिप्स खाऊन गेले. बाहेर स्थानिक शांततावादी मंडळी पोलिसांच्या कड्यामागून घोषणा देत होती.

टॉमसचे वडील रेज कीज यांनी मग वेगळी वाट धरली. इराकमध्ये मुलं गमावलेल्या इतर पालकांना त्यांनी साथीला घेतलं, आणि २००५ मध्ये थेट ब्लेअर यांच्याविरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहिले. ते त्या भागातले नव्हते, राजकारणातलेही नव्हते. पंतप्रधानाला हरवू अशी आशा त्यांना तरी असेल का? पण मतपत्रिकेवर नाव असलं की प्रश्न टाळता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

ब्रिटनमध्ये एक छान रीत आहे. निकाल सांगताना सगळे उमेदवार मंचावर उभे असतात, आणि मग प्रत्येकाला दोन शब्द बोलता येतात. ब्लेअर १८,४४९ मतांच्या आघाडीने जिंकले. कीज चौथे, मतं दहा टक्क्यांहून थोडी अधिक. तिथे अनामत वाचवायला पाच टक्के पुरतात, त्यामुळे ती वाचली. आपल्याकडे एक षष्ठांश मतं लागतात. आपल्या नियमाने ती जप्तच झाली असती!

मग कीज बोलले. युद्ध कायद्याला धरून असतं, ती शस्त्रं सापडली असती, तर आपण फक्त शोक केला असता, प्रचार केला नसता, अशा आशयाचं. पंतप्रधानांनी कधीतरी दुःखी कुटुंबांची माफी मागावी, जखमींना इस्पितळात जाऊन भेटावं, एवढीच अपेक्षा. मागे ब्लेअर उभे होते. निघून जाता येत नव्हतं. आरडाओरड नाही, शिवी नाही. सत्तेला एका बापाचं म्हणणं उभं राहून ऐकावं लागलं. माझ्या मते ही ४,२५२ मतांची कमाई.

पुढे ६ जुलै २०१६ ला चिलकॉट अहवाल आला. शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरला, असं त्यात स्पष्ट नोंदलं आहे. १७९ ब्रिटिश सैनिक आणि कर्मचारी गेले. २००९ च्या जुलैपर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुतेक साधे नागरिक. ब्लेअर यांनी त्या दिवशी दुःख आणि खेद व्यक्त केला, माफीचा शब्दही उच्चारला. पण सद्दामला हटवण्याचा निर्णय योग्यच होता, हेही सांगितलं. कीज यांना हवी होती ती माफी हीच का? मला तसं वाटत नाही.

मित्रहो, मी काही युद्धविरोधी संघटनेतला माणूस नव्हे. आमचे सेवानियम मोर्चात जाऊ देत नाहीत. देशावर कोणी चालून आलं तर लढावंच लागतं, हेही मान्य. पण सीमेवर तणाव वाढला की आमच्या कचेरीत चहाच्या वेळी "एकदाच काय ते होऊन जाऊ दे" असं म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांतल्या कुणाचाही मुलगा सैन्यात नाही. अशा वेळी मी वाद घालत नाही. फक्त विचारतो, "आणि हिशेब चुकला तर कोणासमोर उभं राहायचं?"

चहा निवतो, पण उत्तर येत नाही.