पाठीवरचा कॅमेरा

शिरूरहून न्हावरेमार्गे मांडवगण फराट्याकडे जाणारा रस्ता गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. डांबरावर पाचट पडलेलं, मध्येच उसाची कांडकी, कडेची साइडपट्टी खचलेली. अशा रस्त्याने सायकलवर फिल्म कॅमेरा न्यायचा, तर माझ्या मते जागा एकच: आपली पाठ.

कॅरिअरवर तो गोधडीत गुंडाळून बांधला तरी प्रत्येक खड्डा त्याच्यापर्यंत पोचतो. एखादा मोठा धक्का परवडला. दिवसभराची बारीक थरथर वाईट. लेन्सचे इवलेसे स्क्रू तिनेच ढिले होतात, आणि ते कळतं रोल धुऊन आल्यावर. पाठीवर मात्र आपले कोपर, गुडघे आधीच खड्डा सोसतात. पट्टा खांद्यावरून तिरका घ्यावा, आखूड ठेवावा आणि कमरेला दुसरा पट्टा आवळावा, म्हणजे वाकल्यावर कॅमेरा झुलत पुढे येऊन हॅन्डलवर आपटत नाही. लेन्सला झाकण हवंच. जुन्या कित्येक रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत शटरचा पडदा कापडाचा असतो. उघडी लेन्स सूर्याकडे राहिली, तर त्या कापडाला जळून भोक पडतं.

रोलचा शत्रू ऊन. कोरे आणि काढलेले रोल डबीत, कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवावेत, आणि बदलताना लिंबाच्या सावलीत उन्हाकडे पाठ करून बसावं.

एवढं कशासाठी? जवळच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लेकरं निघाली. उत्खननात खालचा थर पाहायचा तर वरचा कायमचा जातो. मागे राहतात वस्तू, टिपणं, नकाशे आणि फोटो. ते फोटो त्या काळी फिल्मवरचेच. त्या मातीवरून निघालेला उजेड थेट त्या निगेटिव्हला लागलेला आहे. माझ्या रोलवर फार तर भीमेचा बंधारा असेल, नाही तर कोयत्यावाल्यांच्या खोप्या. पण त्या खोप्याही हंगाम संपला की मोडतात, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे उभ्या राहतात.

मांडवगणला नदीकाठी खरा उजेड मिळतो तो दिवस कलल्यावर, आणि अडचणही तेव्हाच येते. शिरूरच्या उसात बिबटे आहेत. वाकलेलं, बसलेलं माणूस त्यांना लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून तिन्हीसांजेला उसाच्या कडेला उकिडवं बसून फोटो काढायचा मोह टाळायचा. उभ्यानेच काढायचा, मोकळ्या जागेत. वस्तीवरचं कुणी “आता निघा, पाव्हणं” म्हणालं, तर रोलमध्ये फ्रेम शिल्लक आहेत हे सांगत बसू नये. पट्टा आवळावा आणि दिसतंय तोवर गावात यावं.