गोळाबेरीज

खानदेशात सल्ला कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे आणखी दहा सल्ले रांगेत उभे असतात. भरिताचे वांगे कुठले घ्यावे, एवढे जळगावच्या बाजारात कुणाला विचारून पाहा. एक बामणोदचे म्हणेल, दुसरा आपल्या मामाच्या गावचे नाव घेईल, आणि तिसरा वांगे राहिले बाजूला, ते कापसाच्या काड्यांवर भाजावे की तुरीच्या, यावरच वाद सुरू करील. परगावचा पाहुणा बिचारा गोंधळून जातो. घरातली वडीलधारी बाई मात्र गोंधळत नाही. ती सगळ्यांचे ऐकून घेते, कोण बारा महिने बाजार करतो आणि कोण नुसताच बोलतो हे मनाशी तोलते, आणि मग पिशवी उचलते.

शास्त्रज्ञ मंडळी हाच उद्योग कागद-पेन्सिल घेऊन करतात, आणि त्याला ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. मराठीत कुणी ‘महाविश्लेषण’ म्हणतात. शब्द भारदस्त खरा. पण मला आपली ‘गोळाबेरीज’च जवळची वाटते. एकाच प्रश्नावर ठिकठिकाणी झालेले प्रयोग गोळा करायचे, मोठ्या आणि नेटक्या प्रयोगाला जास्त वजन द्यायचे, आणि सगळ्यांचे मिळून काय म्हणणे पडते ते पाहायचे. कार्ल पिअर्सन या इंग्रज पंडिताने १९०४ साली हिंदुस्थानातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश पलटणींतले विषमज्वराच्या लशीचे आकडे असेच एकत्र मांडले होते. ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हे नाव मात्र त्यानंतर ७२ वर्षांनी, १९७६ साली, जीन ग्लास या अमेरिकन संशोधकाने ठेवले.

आता कुणी म्हणेल, या पंडिती उठाठेवीशी आपल्या घरादाराचा काय संबंध? संबंध थेट पाळण्याशी आहे. दिवस भरण्याआधीच प्रसूत होऊ घातलेल्या आईला एका स्वस्त औषधाचे इंजेक्शन दिले, तर कच्च्या फुप्फुसांचे बाळही तग धरते, असे न्यूझीलंडमधल्या एका प्रयोगात १९७२ साली दिसले. पुढे आणखी प्रयोग झाले. पण बरेचसे लहान होते, आणि एकेकटा प्रयोग ठामपणे बोलेना. डॉक्टर चाचपडत राहिले. सगळ्यांची पद्धतशीर गोळाबेरीज १९८९ साली झाली, तेव्हा उत्तर स्वच्छ दिसले. मधल्या १७ वर्षांत जी बाळे गेली, त्यांतली कितीतरी वाचली असती. त्याची आठवण म्हणून १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने आपल्या बोधचिन्हात त्याच प्रयोगांच्या आडव्या रेघा काढल्या आहेत.

आपल्याकडचे उदाहरणही पाळण्याचेच आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बाळांची देखभाल सुरू केली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात-मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पण एका जिल्ह्याची गोष्ट ती एका जिल्ह्याची! मग उत्तर प्रदेशात, बांगलादेशात, पाकिस्तानात तशा चाचण्या झाल्या. दक्षिण आशियातल्या पाच चाचण्यांची बेरीज २०१० साली मांडली गेली, तेव्हा घरभेटींनी बाळे वाचतात हे एका गावाचे नशीब नाही, हे दिसून आले. आज शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पाड्यावर आशाताई ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन बाळंतिणीच्या दारात उभी राहते. २०११पासून देशभर चाललेले हे काम आहे. आपल्यामागे किती जणांची आकडेमोड उभी आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही.

एवढे गोड फळ दिसल्यावर त्या झाडाखाली गर्दी झाली नाही तरच नवल. जॉन इओआनिडिस या शास्त्रज्ञाने २०१६ साली या गर्दीचीच मोजदाद केली. १९९१ ते २०१४ या काळात दरवर्षी निघणारे वैद्यकाचे एकूण लेख १५३ टक्क्यांनी वाढले; गोळाबेरजा मात्र २,६३५ टक्क्यांनी! त्यांतल्या नेटक्या आणि रुग्णाच्या खरोखर उपयोगी पडणाऱ्या किती, तर त्याच्या अंदाजाने शंभरात तीन. म्हणजे एकाच भाजणीच्या चकल्या दहा घरी तळल्या, आणि दहाही घरांनी त्या नवा पदार्थ म्हणून ताटात वाढल्या.

तरी गर्दीचे मला फारसे भय नाही. भय आहे ते सरासरीचे, आणि त्याहून मौनाचे.

सरासरीचे भय आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना उपजतच असते. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘आणेवारी’ हा शब्द पावसाइतकाच वारंवार यायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावाची आणेवारी आठांच्या खाली गेली की दुष्काळ. आता तिला पैसेवारी म्हणतात, आणि रेघ पन्नास पैशांची असते. गावाचे आठ आणे भरायचे, आणि आजोबांच्या कोरडवाहू खळ्यात चारसुद्धा पडलेले नसायचे. विहीरवाल्याचे बारा आणि आमचे चार मिळून सरासरी आठ बरोबर येई. फक्त आमची कणगी रिकामी राही. रावेरची केळी आणि अमळनेरचा कापूस एका तराजूत घातला, तर काटा काहीतरी वजन दाखवतोच. पण ते वजन कशाचे?

मौनाची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेत मनाच्या उदासीवरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या सरकारदरबारी नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या अनुकूल ३८पैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल वा संशयास्पद होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, आणि ११ अनुकूल वाटाव्यात अशा रंगवून छापल्या गेल्या. हे २००८ साली उघड झाले. नुसते छापील कागद गोळा करून कुणी कितीही प्रामाणिकपणे बेरीज केली, तरी ती खोटीच येणार. सदानकदा बोलणाऱ्यांचीच साक्ष काढली, तर गावात कुणाचे काही बिघडलेले नाही असेच निघते.

या ठिकाणी मला आमच्या धुळ्याचे स्मरण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६च्या अखेरच्या दिवशी तिथे देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाचे २२ खंड त्यांनी काढले. समोर आलेल्या बखरींवर विसंबून राहणे त्यांना सोपे होते. पण ते गावोगाव हिंडले, आणि वाड्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली, कुणी आपणहून पुढे न केलेली दप्तरे त्यांनी मागून घेतली. त्यांना ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हा शब्द ठाऊक असणे शक्य नव्हते. पण बेरजेआधी माळ्यावर चढावे लागते, एवढे पक्के ठाऊक होते.

शास्त्रालाही आता ते पटले आहे. औषधाचा प्रयोग सुरू होण्याआधीच त्याची जाहीर नोंद करावी, म्हणजे पुढे तो गप्प बसला तर निदान जाब विचारता येईल, अशी वहिवाट पडली. आपल्या देशाची अशी नोंदवही २००७ साली उघडली, आणि २००९पासून औषधांच्या चाचण्यांना ती सक्तीची झाली.

दिवाळीत घरी चार माणसे जमतात, आणि फराळ करता करता कुणीतरी मोबाइल पुढे करून सांगतो, “संशोधनाने सिद्ध झाले आहे, की तूप...” पुढचे वाक्य तुपाच्या बाजूचे असो की विरुद्धचे, त्याच्याशी भांडू नये, सण आहे. त्याला आणखी एक करंजी वाढावी आणि इतकेच विचारावे : “दादा, किती जणांना विचारले? आणि जे बोलले नाहीत, ते कुठे आहेत?”