खालचा जिना

आमच्या लहानपणी सोलापुरातल्या प्रत्येक पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : भुईकोट किल्ल्यात एक भुयार आहे आणि ते थेट विजापूरला निघतं. किल्ला कधी निजामशाहीकडे, तर कधी आदिलशाहीकडे. तेव्हा भुयार हवंच, असा आमचा हिशेब. ते शोधण्यात किती सुट्ट्या गेल्या! सापडली ती वटवाघळं.

पुढे मास्तर झालो आणि शाळेच्या सहलींबरोबर विजापूर पाहिलं. भुयारातून नव्हे, आगगाडीनं. गेल्या वर्षी आईनं हट्ट धरला, म्हणून तिलाही नेलं. गोल घुमटाच्या जिन्यांवर ही रीघ! वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं, तरी पलीकडच्या माणसाला ऐकू येतं. त्या गमतीसाठी सगळे चढतात. आईचे गुडघे दुखत होते. आम्ही दोघं खालीच थांबलो.

मधल्या चौथऱ्यावर मुहंमद आदिलशहाची आणि त्याच्या आप्तांची थडगी आहेत. माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "आई, ही नुसती दाखवायची. बादशहा १६५६ साली वारला. त्याला पुरलंय ते बरोबर ह्याच्या खाली, तळघरात. पश्चिमेच्या दाराशी खाली जायला जिना आहे." मग ताजमहालही सांगून टाकला. तिथंही नक्षीची थडगी वर आणि खऱ्या कबरी खाली. रोममध्ये गावात पुरायला कायद्यानं बंदी होती. लोकांनी वेशीबाहेर मऊ दगड पोखरून मैलोगणती भुयारं केली. पॅरिसच्या दफनभूमी तुडुंब भरल्या, तेव्हा १७८६ पासून साठेक लाख माणसांची हाडं जुन्या दगडखाणींत नेऊन रचली. माल्टा बेटावर १९०२ साली पाण्याचं टाकं खणताना पाच हजार वर्षांपूर्वीचं तीन मजली दफनघर लागलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग वर खोटी कशाला?"

"लोकांना बघायला."

"आन् खालची?"

मला उत्तर सुचेना. तीच म्हणाली, "खालची घरच्यांची."

परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर पाहत, ती एकदम बोलली. "तुझ्या आधी एक झाला व्हता. अकरा दिवसांचा गेला. एवढ्याशा जिवाला जाळत न्हाईत, मातीत ठेवत्यात. तुझे आबा रातचं घेऊन गेले. जागा मला दावली न्हाई, आन् मी बी इचारली न्हाई. वर दगड सुदिक न्हाई रे."

आबा गिरणीत होते. ते जाऊन बारा वर्षं झाली. जागा त्यांच्याबरोबरच गेली.

दर धनत्रयोदशीला आई कणकेचे दोन दिवे करते आणि उंबऱ्याबाहेर, वाती दक्षिणेला करून ठेवते. आणि मी, घरातला शिकलेला माणूस, दरवर्षी तिला सांगायचो, "आई, यमाला दिवा एकच लावायचा असतो." ती हसायची. दुसरा दिवा तरीही लागायचाच.

साऱ्या जगातली तळघरं मला पाठ होती. आमच्या घरातला जिना मात्र मला कधी दिसला नाही.

यंदा आईचे हात थरथरतात. कणीक मीच मळणार आहे. दोन दिव्यांची.