मनगट आधी, घड्याळ मागून

बंगळूरला जाणारी मंडळी काय काय पाहून येतात, ते मी तुम्हाला सांगायला नकोच. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, आणि निघायच्या आदल्या दिवशी चिकपेठेत म्हैसूर सिल्कची खरेदी. आम्हीही हे सगळं केलं. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला नेणार आहे ती जालहळ्ळीला. तिथे एका बंगल्यात घड्याळांचं संग्रहालय आहे. तुम्ही म्हणाल, घड्याळं ती काय बघायची? दुकानाच्या काचेत रोज दिसतात. दिसतात खरी, पण बाईच्या मनगटावर घड्याळ केवढं असावं, या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला दुकानात कधी मिळालं नाही. ते जालहळ्ळीत मिळालं.

आता हा प्रश्न मला का पडावा? मी घर सांभाळून सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला उभं राहायचं म्हणजे फोन बाहेर ठेवावा लागतो. वर्गात तीस-पस्तीस मुलं माना वर करून विचारतात, "बाई, किती वेळ राहिला?" अशा वेळी मनगटावरच्या घड्याळात वेळ झटकन दिसायला हवी. ती वाचण्यासाठी हात नाकापाशी न्यावा लागला, तर ते घड्याळ कितीही नाजूक असलं तरी काय कामाचं? घड्याळ घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "लेडीज की जेंट्स?" मनगट मात्र कुणी विचारत नाही.

दुसरं कारण आमच्या सासूबाईंचं. मामंजी गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचं एच.एम.टी.चं 'जनता' घड्याळ त्यांनी आयुष्यभर वापरलं. ते गेल्यानंतर सासूबाईंनी ते कपाटात ठेवलं आणि रोज सकाळी देवाला दिवा लावला, की त्याला चावी द्यायची, हा नेम धरला. चावी द्यायच्या आणि परत डबीत ठेवायच्या. बंगळूरचा बेत ठरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांचं घड्याळ तिथलंच ना गं? कारखाना बघायला मिळेल का?"

आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा गाडीनं निघालो. बेळगाव, हुबळी मागे पडतात, रात्र सरते आणि पहाटे तुमकूर लागतं. या तुमकूरलाही एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना होता, हे आमच्या ह्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाई अंगावरची शाल सारून खिडकीशी सरकल्या. अंधारात काय दिसणार? पण गाडी स्टेशन सोडेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या.

लालबागेत शिरलं की फुलांचं एक मोठं घड्याळ दिसतं. तेही एच.एम.टी.नंच 1983 साली बसवलं. सात मीटर व्यासाची तबकडी! आमच्या कन्येनं विचारलं, "आई, हे कुणाच्या मनगटाला येईल?" आम्ही हसलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. बागेत लांबून वेळ दिसायची, म्हणून ते एवढं मोठं. घड्याळाचं माप त्याच्या जागेवरून ठरतं, हा पहिला धडा तिथेच मिळाला.

जालहळ्ळीचा बंगला

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली स्थापन झाली. आधी यंत्रं बनवणारी यंत्रं, मग 1961 पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं मनगटी घड्याळं. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात गुरुजींना, कुठलाही प्रसंग असो, भेट म्हणून एच.एम.टी. ठरलेलं. पुढे 1984 साली टायटन कंपनी निघाली, सेलवरची घड्याळं आली, चावीचा जमाना मागे पडला. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनं 2016 च्या जानेवारीत घेतला. मग कारखान्याच्या परिसरातल्या जुन्या बंगल्यात 2019 साली हे संग्रहालय उघडलं. भोवती झाडी, बाहेर कंपनीचे जुने ट्रॅक्टर आणि आत काचेमागे ओळीनं घड्याळं. जाणार असाल तर सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

या ओळी नीट बघत गेलं, की एक गोष्ट ध्यानात येते. 'जनता' किंवा 'पायलट' ही पुरुषांची म्हणून निघालेली घड्याळं आजच्या मानानं लहानच दिसतात. आमच्या घरचं 'जनता' मी मेजपट्टीनं मोजलं, साधारण 35 मिलिमीटर भरलं. आज दुकानांत पुरुषांसाठी 40, 42 मिलिमीटरची घड्याळं सर्रास असतात. आणि शेजारी बायकांचं 'सुजाता' बघावं, तर ते अगदी चिमुकलं. म्हणजे काय झालं? त्या काळातल्या पुरुषाचं घड्याळ आजच्या बाईच्या मनगटाला सहज शोभेल असं, आणि बाईचं मात्र वाचायला भिंग लागेल असं!

गंमत अशी, की मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच. नेपल्सच्या राणीनं 1810 साली पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडे मनगटावर बांधायचं घड्याळ सांगितलं आणि ते 1812 साली तयार झालं. पुरुष तेव्हा साखळीचं घड्याळ खिशात ठेवत. 1914 ते 1918 च्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळलं. त्यांचं झालं कामाचं, आपलं राहिलं दागिन्याचं. दागिना म्हटला की जितका बारीक तितका कौतुकाचा. 1929 साली जेगर-लकुल्त्र या स्विस कंपनीनं जेमतेम एक ग्रॅम वजनाची घड्याळाची यंत्रणा बनवली. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं 1953 च्या राज्याभिषेकात ती असलेलं घड्याळ घातलं होतं. पण राणीला वेळ सांगायला माणसं असतात. आपल्याला गॅसवरचं दूध असतं, शाळेची रिक्षा असते, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी असते.

आमच्या मिरजेत तंबोरे बनतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथे मर्दानी तंबोरा मोठा आणि जनानी लहान असतो. पण त्याला कारण आहे. बाईचा स्वर उंच, म्हणून तंबोरा लहान. कारागीर आधी गाणाऱ्याचा स्वर विचारतो, मग भोपळा निवडतो. घड्याळाचंही असंच व्हायला हवं. आधी मनगट, मग नजर, मग काम. 'लेडीज' आणि 'जेंट्स' ही पाटी सगळ्यांत शेवटी.

माप घ्यायचं कसं?

शिंप्याची टेप घ्या. मनगटाचं जे हाड वर येतं, त्याच्या जरा मागे, कोपराच्या बाजूला, टेप गुंडाळा. आवळू नका. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभराच्या कामानं आणि उकाड्यानं हात थोडा फुगतो. घेर 14 ते 15 सेंटिमीटर असेल, तर 26 ते 32 मिलिमीटरचं घड्याळ बरं. 15 ते 16.5 असेल तर 30 ते 36, आणि 17 च्या पुढे असेल तर 36 ते 40. हा ढोबळ हिशेब आहे, कायदा नव्हे.

बांगडीच्या मापावर जाऊ नका बरं का! "मला 2-4 ची बांगडी लागते, हात बारीक आहे," असं आपण म्हणतो. पण 2-4 म्हणजे सव्वादोन इंच व्यास, आणि तो ठरतो बांगडी पंजावरून चढते की नाही त्यावर. घड्याळ पंजावरून चढत नाही, ते मनगटावर बसतं. पंजा रुंद आणि मनगट बारीक, किंवा त्याच्या उलट, असे हात कितीतरी असतात.

तबकडीच्या मापाहूनही महत्त्वाचं आणखी एक माप आहे. पट्टा जिथे अडकतो ते घड्याळाचे वरचे आणि खालचे कान. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या सपाट भागाहून कमी हवं. कान मनगटाच्या बाहेर डोकावले, की खाली पोकळी राहते, घड्याळ डुगडुगतं आणि पदराला, साडीच्या जरीला अडकतं. म्हणून नुसतं वरून पाहू नका. हात आडवा धरून बाजूनं बघा.

जाडीही बघा. आठ-नऊ मिलिमीटरच्या आतलं घड्याळ बाहीखाली सरकतं आणि कणीक मळताना काठाला लागत नाही. पट्टा तबकडीच्या साधारण निम्म्या रुंदीचा असावा, म्हणजे 28 च्या घड्याळाला 14 चा, 36 च्या घड्याळाला 18 चा. मोठ्या तबकडीला दोरीसारखा पट्टा लावला, तर घड्याळ सारखं फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला येतं. पट्टा बांधल्यावर खाली एक बोट सरकेल इतकी सैल जागा ठेवा. आणि एका हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात. काचेवर चरे पडतात ते बहुधा आपल्याच बांगड्यांचे.

उरली नजर. चाळिशी लागली, की चष्मा येतो. म्हणून दुकानात चष्मा काढा, हात नेहमीसारखा कमरेपाशी ठेवा आणि वेळ वाचून बघा. पांढरी तबकडी, काळे काटे आणि ठळक आकडे असतील तर चटकन दिसतं. सोनेरी तबकडीवर सोनेरी काटे असले, तर ते घड्याळ लग्नाला घालायला ठेवा. घरात आजारी माणूस असेल तर सेकंदकाटा हवाच, नाडी मोजायला उपयोगी पडतो.

सासूबाईंचं मनगट

संग्रहालयात 'जनता'च्या काचेपुढे सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. "हेच," एवढंच त्या नातीला म्हणाल्या. बाहेर विक्रीच्या ठिकाणी मी त्यांना बायकांचं एक छानसं घड्याळ दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, दूर धरलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, "मला ह्यात काही दिसत नाही बाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्यांच्यातलं दिसतं मला."

दोन वर्षं त्या रोज चावी देत होत्या त्याचं आणखी एक कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते घड्याळ त्यांना घालायचं होतं. पण दहाव्यानंतर त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या गेल्या, आणि घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी सुनावलं होतं, "आता त्या हातात पुरुषाचं घड्याळ कसं गं दिसेल?" आमच्याकडून फार लांब नाही ते हेरवाड गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असा ठराव केला. पेपरात आम्ही सगळ्यांनी तो वाचला, वाहवा केली. आणि आमच्याच घरात दोन रिकामी मनगटं कपाटापाशी उभी राहून चावी देत होती.

मी पर्समधली टेप काढली. घेर साडेचौदा सेंटिमीटर. सपाट भाग पाच सेंटिमीटरला जरा कमी. 'जनता'चे कान टोकापासून टोकापर्यंत साडेचारच्या आतच. 35 मिलिमीटरची तबकडी कोष्टकापेक्षा थोडी मोठी होती, पण घड्याळ पातळ होतं. "आई, माप बसतंय," मी म्हटलं. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बाबा असते तर त्यांनीच बांधलं असतं."

मिरजेला परतल्यावर घड्याळजींनी ते उघडून साफ केलं, तेल घातलं, आखूड पट्टा लावला आणि पट्ट्याला एक जादा भोक पाडून दिलं. आता रोज आठच्या ठोक्याला सासूबाई आपली गोळी आपणच घेतात. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, घड्याळ मोठं नाही का वाटत?" सासूबाई म्हणाल्या, "मला वेळ दिसते."

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी एवढं करा. घरातल्या सगळ्या बायकांच्या मनगटांची मापं घ्या आणि हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. घेर, सपाट भाग आणि चष्म्याशिवाय किती मोठा आकडा दिसतो तो. मग कपाटं उघडा. भावाचं, वडिलांचं, यजमानांचं एखादं जुनं घड्याळ 'पुरुषी' म्हणून डबीत पडलं असेल. बाजारात जायच्या आधी ते एकदा मनगटावर ठेवून बघा, हात आडवा धरून, बाजूनं. बसलं तर घड्याळजींकडे न्या, आणि पट्ट्याला एक भोक पाडून घ्या.