सतराव्या लेण्यातली यशोधरा

इटलीतल्या पोर्देनोनेचा मूकपटांचा महोत्सव १९८२ पासून दर वर्षी भरतो. हल्ली तो ऑक्टोबरात असतो. जावं की नाही, हे महिनाभर ठरत नव्हतं. दादा म्हणाला, "अगं, ते सगळं यूट्यूबवर आहे. एवढा खर्च कशाला?"

मला उत्तर सुचेना. रविवारी मध्यवर्ती बसस्थानकावर जळगावची एसटी लागलेली दिसली, चढले. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटर.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग भिंतीवर भिक्षापात्र घेतलेला प्रचंड बुद्ध दिसू लागतो आणि त्याच्यापुढे इवलेसे राहुल व यशोधरा. ती मुलाला पुढे करते आहे. हीच यशोधरा मी मोबाइलवर पाहिली होती. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या १९२५ च्या 'प्रेम संन्यास' या मूकपटात ती गोपा होऊन येते, अभिनेत्री सीतादेवीच्या रूपात. पण बोटभर पडद्यावर तिचे डोळे मला दिसलेच नव्हते. इथे मान वर करावी लागते, शेजारचा अनोळखी माणूसही श्वास रोखून उभा असतो.

या चित्रांच्या नकलांचं काय झालं? मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून इथे वर्षानुवर्षं रंगवत राहिला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी राबले. त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. मूळ चित्रं मात्र इथेच, वाघूरच्या काठी, झिजत का होईना, उभी आहेत.

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले मोजकेच. नायट्रेटची फिल्म पेटते, सडते, भंगारात जाते. जे उरलं ते अंधाऱ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, समोर वाजणाऱ्या पियानोसोबत पाहायचं, त्यासाठीच पोर्देनोने. फाळक्यांच्या काळी आपल्याकडेही तंबूत पेटी-तबला वाजतच होता की! १९९४ मध्ये तिथे भारतीय मूकपटांचा खास विभागही झाला होता.

फर्दापूरला एसटीची वाट पाहत दादाला फोन लावला. "माझ्या पासपोर्टची मुदत बघून ठेव ना. आईच्या कपाटात आहे."