‘कोठें? कोठें?’

परक्या देशांत गेल्यावर तेथील देवळें व राजवाडे सर्वच पाहतात. परंतु लोकांचें साधें बोलणें ऐकण्यांतहि तितकाच बोध असतो. चीन देशांतील सीआन शहरीं आम्ही कांहीं दिवस राहिलों, तेव्हां वडील मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकलेला शब्द म्हणजे ‘ना-ली’. त्याचा सरळ अर्थ ‘कोठें?’ असा आहे. गृहस्थाच्या विद्वत्तेची स्तुति करा, कीं गृहिणीच्या पाककौशल्याची. उत्तर एकच, ‘ना-ली, ना-ली!’ जणूं आपण वर्णिलेला गुण त्यांना शोधूनहि सांपडत नाहीं! आपल्याकडील ‘कसचें, कसचें!’ हा या शब्दाचा सख्खा भाऊच होय.

एका विदेशी पाहुण्याची गोष्ट तिकडे मोठ्या चवीनें सांगतात. लग्नसमारंभांत त्यानें वधूच्या सौंदर्याची प्रशंसा केली. वरानें रीतीप्रमाणें ‘ना-ली, ना-ली’ म्हटलें व दुभाष्यानें त्याचें ‘कोठें? कोठें?’ असें शब्दशः भाषांतर केलें. पाहुणा बिचारा गोंधळला, आणि केंस, भुंवया, डोळे, नाक असें एकेक स्थळ सांगूं लागला!

या चालीचें मूळ फार जुनें आहे. आपण खालीं बसावें व दुसऱ्यास उच्चासन द्यावें, हें ‘ली जी’ नामक प्राचीन आचारग्रंथाच्या शिकवणीचें सार आहे. म्हणून आडनांव विचारतांना चिनी मनुष्य ‘आपलें मौल्यवान आडनांव?’ असें विचारतो, आणि उत्तर देणारा ‘मौल्यवान’ हा शब्द वगळावयास सांगून मग आपलें आडनांव सांगतो. मेजावर दहा पदार्थ मांडून यजमान म्हणतो, ‘आज जेवावयास कांहींच नाहीं.’ यांत असत्य कसलें? भरलेलें मेज स्वतःच साक्ष देत असतें. अशा शिष्टाचारास ‘ख-छी’ म्हणतात. म्हणजे पाहुण्याचा भाव. घरच्या माणसांत तो परकेपणाचा वाटतो. आपल्याकडे तरी भात वाढणाऱ्या वहिनींस ‘आभारी आहे’ असें कोण म्हणतो?

सीआन म्हणजे प्राचीन छांग-आन. ह्युएनत्संग याच नगरांतून भारताकडे निघाला. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला, आणि येथील लोक मानी व उपकार स्मरणारे आहेत असें त्यानें नमूद करून ठेविलें. इ. स. ६४५ मध्यें तो ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन परतला. त्या ग्रंथांसाठीं इ. स. ६५२ मध्यें बांधलेला मनोरा अद्यापि उभा आहे.

त्या मनोऱ्याजवळील फरशीवर एक वृद्ध गृहस्थ लांब कुंचला पाण्यांत बुडवून अक्षरें काढीत होते. हा तेथील वृद्धांचा आवडता छंद. अक्षर उन्हानें वाळून जातें, पुन्हां नवें काढावयाचें. आमच्या वहिनींनीं दुभाष्यामार्फत त्यांच्या अक्षराची वाखाणणी केली. ‘छे, अजून फार अंतर आहे,’ आजोबा हंसून म्हणाले. शेजारीं सात वर्षांचा नातू लहान कुंचला चालवीत होता. त्याचेंहि कौतुक झालें, तों आजोबा म्हणाले, ‘हा भारी खोडकर, लक्षच देत नाहीं.’ मुलाचा कुंचला थांबला. तेव्हां त्याची आई हळूच म्हणाली, ‘आयींना श्ये-श्ये म्हण.’ ‘आयी’ म्हणजे मावशी व ‘श्ये-श्ये’ म्हणजे आभार. मुलानें तसें म्हटलें आणि तो पुन्हां लिहूं लागला.

सासरे व सून यांच्या उत्तरांतील हा फरक त्या एका घरापुरता नाहीं. रोंग चेन या भाषापंडितानें याच सीआनमध्यें स्तुतीच्या उत्तरांची पाहणी करून १९९३ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत शेंकडा ९५ हून अधिक उत्तरें नाकाराचीं होतीं. दाफू यांग यांच्यासह त्यांनीं तेथेंच केलेली दुसरी पाहणी २०१० सालीं निघाली. तींत शेंकडा ६२ हून अधिक उत्तरें स्वीकाराचीं निघालीं. परदेशांशीं वाढलेल्या संबंधाचा हा परिणाम, असें त्यांचें मत आहे.

जुनी चाल गेली म्हणून हळहळावें कीं नवी आली म्हणून हर्ष मानावा? आम्हांस वाटतें कीं, दोहोंस आपापलें स्थान आहे. स्वतःच्या स्तुतीस ‘कसचें’ म्हणणें हें आपल्याच पदरचें देणें आहे, आणि तें शोभतें. पण मुलाच्या अथवा सुनेच्या स्तुतीस आपण नाहीं म्हटलें, तर खर्च होतें तें दुसऱ्याचें. पोर शेफारूं नये, त्याला दृष्ट लागूं नये, हा वडिलांचा हेतु प्रेमाचाच असतो. परंतु सात वर्षांच्या मुलास शिष्टाचार व खरा अभिप्राय यांतील भेद कळत नाहीं. आजोबांचा शब्द तें खराच मानतें. सुनेस तो भेद कळतो. तरी दिवसभर चुलीपाशीं राबल्यावर, पाहुण्यानें पुरणपोळीचें केलेलें कौतुक सासूबाईंनीं परस्पर परतविलें, तर तिला तें लागल्यावांचून कसें राहील?

तेव्हां आमच्या वाचकांनीं आपल्यापुरतें ‘कसचें, कसचें’ खुशाल चालूं द्यावें. घरांतील दुसऱ्या कोणाची स्तुति झाली, तर मात्र ती त्या माणसापर्यंत पोंचूं द्यावी. आणि पाहुणे गेल्यावर आपलेहि दोन शब्द तींत घालावे.