कुंपणच शेत खाते तेव्हा

दवाखान्यात माणूस जातो तो बरा होण्यासाठी. तिथे फिनेलचा वास असतो, पांढऱ्या चादरी असतात, जखम पुसायच्या औषधाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. या बाटल्यांकडे आपण फार विश्वासाने पाहतो. जंतू मारणारे औषध म्हणजे आपल्या माणसाचे राखणदार, असा आपला समज. पण त्याच बाटलीत जंतू सुखाने नांदत असतील तर? कुंपणच शेत खाते ही म्हण आपण लाचखाऊ अधिकाऱ्यांसाठी वापरतो. ती औषधाच्या बाटलीलाही लागू पडते, हे मला एका जंतूच्या निमित्ताने कळले. वाचक बंधू-भगिनींनी ते समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

या जंतूचे नाव बर्कहोल्डेरिया सेपेसिया. उच्चारायला जड असले तरी त्याचे मूळ आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूत आहे. लॅटिन भाषेत ‘सेपा’ म्हणजे कांदा. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० साली कांदा सडवणारा हा जंतू जगापुढे मांडला. या रोगात कांदा वरून धडधाकट दिसतो, पण सोलला की आतल्या पाकळ्या पिवळसर, चिकट झालेल्या असतात आणि आंबूस वास सुटतो. पुढे १९९२ साली जपानमधील शास्त्रज्ञ एइको याबुउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूंचा वेगळा गट केला आणि त्याला बर्कहोल्डर यांचे नाव दिले. आज एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या वीसहून अधिक जाती या सेपेसिया कुटुंबात मोजल्या जातात. माती, पाणी, पिकांची मुळे ही त्यांची घरे. यातली काही भावंडे पिकाच्या उपयोगाचीही आहेत.

मग कांद्याचा जंतू माणसाच्या रक्तात कसा गेला? ते मी जवळून पाहिले.

मी कारकून माणूस, शिक्षण बी. कॉम. कचेरी सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या आजारी माणसांबरोबर दवाखान्यात जायचे, अर्ज भरायचे, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवायची, हे काम आम्ही काही कार्यकर्ते करतो. २०१८ सालच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाचे डायलिसिस सुरू होते. आम्ही त्याला दादा म्हणतो. हातावरचा फिस्टुला अजून तयार नव्हता, म्हणून मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली होती. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. तसे कुठेही घडू शकते.

एके दिवशी डायलिसिस लागून तासभर झाला असेल नसेल, दादा थडथड कापू लागला. तीन गोधड्या घातल्या तरी थंडी थांबेना. मग ताप चढला. त्याच पंधरवड्यात आणखी दोघांना असाच ताप आला होता. बाहेरच्या बाकावर नातेवाइकांची कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता तिचा आवाज वाढला. सगळ्यांचे बोट एकाच दिशेला वळले. वॉर्डातल्या आयाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याकडे. “तीच सगळीकडे हात लावत फिरते,” कोणी म्हणाले. “हीच घाण करते,” दुसरे म्हणाले. मावशी हातात बादली घेऊन दारात उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दादाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तेवढे म्हटले, “आधी तपासणीचा कागद येऊ द्या. मग बोला.”

कागद दोन दिवसांनी आला. तिन्ही रुग्णांच्या रक्तात एकच जंतू निघाला होता, हाच कांद्याचा. रुग्णालयातल्या जंतुशास्त्राच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. हा जंतू धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून मारतात. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी आहेत, ज्याला कर्करोगाची औषधे चालू आहेत, ज्याच्या घशात श्वासाची नळी आणि शिरेत सुई आहे, त्याच्या शरीरात त्याला उघडे दार मिळते. अशा जंतूंना संधिसाधू म्हणतात. हा शब्द आपण निवडणुकीच्या दिवसांत बरेचदा ऐकतो; इथे तो अक्षरशः खरा आहे.

नंतर संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टर वही घेऊन आल्या. कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या पाळीत, कोणते इंजेक्शन, कोणत्या बॅचचे, नळीच्या तोंडाशी कोणत्या बाटलीतले औषध लावले, असे रकाने आखून त्यांनी तिन्ही रुग्णांची नोंद केली. मला आमची खतावणी आठवली. ताळा जुळत नसेल तर कोणावर ओरडून तो जुळत नाही. एकेक नोंद तपासत मागे जावे लागते. नळांचे पाणी, बेसिन, उघड्या बाटल्या, कर्मचाऱ्यांचे हात, सगळ्यांचे नमुने गेले. मावशींचे हात स्वच्छ निघाले. जंतू सापडला तो नळीभोवतीची त्वचा पुसायच्या जंतुनाशकात.

झाले होते असे. मोठ्या कॅनमधले औषध पाणी घालून पातळ केले जाई आणि वॉर्डातल्या लहान बाटलीत ओतले जाई. बाटली संपायच्या आत वरून भर घातली जाई. ती रिकामी करून, धुऊन, वाळवून कधी भरलीच नव्हती. तयार सीलबंद बाटल्यांची मागणी लिहून गेली होती, पण पुरवठा अपुरा येई म्हणून काटकसर चालली होती. दोष होता तो व्यवस्थेचा आणि बोट गेले होते बादली धरणाऱ्या हाताकडे. खरे काय ते कळल्यावर मावशींची माफी कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या सकाळच्या पाळीला हजर होत्या.

दादाची नळी काढली, दुसऱ्या जागी नवी घातली, सेफ्टाझिडिम नावाचे इंजेक्शन डायलिसिसच्या वेळी देत राहिले आणि तो वाचला. त्या तिघांतल्या एक वयस्कर बाई मात्र घरी परतल्या नाहीत.

जंतुनाशकातच जंतू जगतो हे ऐकून आपल्याला नवल वाटते, पण ते शास्त्राने नोंदवलेले आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार, बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक घातलेल्या क्षारांच्या पाण्यात हा जंतू चौदा वर्षे जिवंत राहिला होता. जंतुनाशक पातळ झाले, जुने झाले की त्याचा धाक उरत नाही. हा जंतू अंगात शिरलेले औषध बाहेर फेकून देतो, शिवाय नळीच्या आत चिकट थर करून त्याआड लपतो. म्हणूनच अनेकदा नळी काढल्याखेरीज ताप जात नाही. अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन त्याच्यावर चालत नाही. उलट को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी अनेकदा चालते. भारी किमतीचे औषध म्हणजे गुणकारी औषध, हा आपला समज इथे उपयोगाचा नाही. तपासणीच्या कागदावर जे लागू पडते असे येईल ते डॉक्टरांना देऊ द्यावे.

वॉर्डात काळजी घेतली तरी प्रत्येक वेळी भागतेच असे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत गेलेला हा जंतू भूल देण्याच्या थेंबांतून आल्याचे भारतातील डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. मुंबईतील एका केमोथेरपी विभागात रुग्णांच्या रक्तात तो आला, तेव्हा उलटी थांबवण्याचे इंजेक्शनच मुळात दूषित असल्याचे आढळले. तो अहवाल २०१५ सालचा. अमेरिकेत २०१६ साली शौचाला साफ होण्यासाठी द्यायच्या पातळ औषधातून तो अनेक राज्यांतल्या रुग्णालयांत पोहोचला. तिथे कारखान्याच्या पाण्याच्या यंत्रणेतच जंतू सापडला. म्हणजे बाटली कारखान्यातून येतानाच दूषित असू शकते. अशा वेळी बॅच नंबर लिहून ठेवलेला असेल तरच चोर पकडला जातो. कारकुनाची वही कोणाला कंटाळवाणी वाटते, पण ती जीव वाचवते.

आता आपल्या हाती काय आहे ते सांगतो. आपल्या रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मानेच्या किंवा हाताच्या नळीची पट्टी आपण सोडू नये, ती ओली होऊ देऊ नये. डायलिसिस चालू असताना थंडी वाजली तर “वाऱ्याने असेल” म्हणून गप्प बसू नये, लगेच सिस्टरना सांगावे. रक्ताचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतला का, हे नम्रपणे विचारावे. जखमेच्या औषधाच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख आहे का, ते पाहावे. घरी दम्याच्या माणसासाठी वाफेचे यंत्र असेल तर त्यात नळाचे पाणी घालू नये. त्यासाठी मिळणारे निर्जंतुक सलाइनच वापरावे, यंत्राची वाटी रोज धुऊन कोरडी करावी आणि एकाची दुसऱ्याला देऊ नये. सगळे कागद एका फाइलीत तारखेप्रमाणे लावावेत.

प्रश्न विचारायला मोठ्या शिक्षणाची गरज नाही. “सिस्टर, ही बाटली कधी उघडली?” एवढे पुरे. मात्र ते दरडावून नव्हे, आदराने विचारावे. त्याही अपुऱ्या माणसांनिशी आणि अपुऱ्या सामानानिशी पाळी ओढत असतात. आपली महिला मंडळे आणि तरुण मंडळे रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना निवेदने देतात, त्यात खाटा आणि डॉक्टर यांच्या मागणीबरोबर आणखी एक मागणी लिहावी: सीलबंद लहान बाटल्यांचा पुरेसा पुरवठा आणि संसर्गावर लक्ष ठेवणारी एक पूर्णवेळ सिस्टर. मागणी लहान आहे, खर्चही फार नाही. आणि पुढच्या वेळी वॉर्डात ताप पसरला, तर तपासणीचा कागद येईपर्यंत कोणा मावशीकडे बोट दाखवू नये, एवढे तर आपल्याला आजपासूनच करता येईल.